रॅम्बोचे येणे

'रॅम्बो' हा शब्द आपल्याकडेही चांगला रुळला आहे. गल्लीतला एखादा पोरगा दंड फुगवून दाखवू लागला, की मित्र त्याला रॅम्बो म्हणतात. कपाळाला पट्टी, उघडी छाती, हातात मशीनगन आणि समोर शत्रूची अख्खी फौज, असे हे चित्र. २०२५ मध्ये रॅम्बोच्या तरुणपणावर नवा चित्रपट काढण्याची घोषणा झाली. तो यायचा तेव्हा येईल. त्याआधी 'फर्स्ट ब्लड' हा १९८२ चा पहिला चित्रपट पुन्हा शांतपणे पाहावा, असे मला वाटते. कारण त्यातला रॅम्बो आपल्या डोक्यातल्या रॅम्बोपेक्षा फार वेगळा आहे.

टेड कोचेफ यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट सुरू होतो तो अगदी साधेपणाने. व्हिएतनामहून परतलेला जॉन रॅम्बो (सिल्व्हेस्टर स्टॅलोन) आपल्या तुकडीतल्या मित्राला शोधत पायी येतो. तळ्याकाठच्या घराबाहेर कपडे वाळत घालणारी बाई सांगते, की तो कॅन्सरने गेला. जंगलातली झाडे झडावीत म्हणून अमेरिकी सैन्याने फवारलेल्या 'एजंट ऑरेंज' या रसायनाने त्याला गाठले होते. रॅम्बो पुढच्या गावात जातो. गावाचे नाव 'होप', म्हणजे आशा! त्याला हवे असते फक्त चार घास खायला. पण वाढलेले केस आणि मळका कोट पाहून शेरीफ त्याला गाडीत घालून गावाबाहेर सोडतो. तो परत फिरतो, म्हणून अटक होते. कोठडीत पोलीस वस्तरा घेऊन जबरदस्तीने त्याची दाढी करू पाहतात. ते पाते पाहताच शत्रूच्या कैदेतला छळ त्याच्या डोळ्यांपुढे उभा राहतो आणि मग सगळेच हाताबाहेर जाते. एवढी हाणामारी आहे, पण चित्रपटात माणूस मरताना दिसतो तो एकच, आणि तोही हेलिकॉप्टरमधून पडून.

मूळ कादंबरी डेव्हिड मॉरेल यांची, १९७२ सालची. तेव्हा युद्ध चालूच होते. कादंबरीतला शेरीफ स्वतः कोरियाच्या युद्धात लढलेला आहे. म्हणजे दोन युद्धांतून परतलेले दोन सैनिक आपल्याच देशात एकमेकांवर उठतात आणि शेवटी दोघेही मरतात. चित्रपटातही रॅम्बोच्या मृत्यूचा शेवट चित्रित झाला होता. चाचणी खेळातल्या प्रेक्षकांना तो रुचला नाही, म्हणून बदलला. कादंबरीकार म्हणून मला मॉरेल यांचा शेवट अधिक खरा वाटतो. मात्र जिवंत राहिलेल्या रॅम्बोच्या वाट्याला एक प्रसंग आला, तो मोलाचा आहे. आपल्या जुन्या कर्नलपुढे तो लहान मुलासारखा रडतो. तिकडे लाखो डॉलरची यंत्रे माझ्या हाती सोपवली होती, इकडे गाड्या लावायची नोकरीही मला टिकवता येत नाही, असे तो सांगतो.

हे दुःख अमेरिकेपुरते नाही. माझी नोकरी बँकेत झाली. आपल्या बँकांच्या दारावर बंदूक घेऊन उभा असणारा रक्षक बहुधा माजी सैनिक असतो. आम्ही त्याला चहा देत असू, त्याच्या मुलांच्या शाळेची चौकशी करीत असू. त्याने तिकडे काय पाहिले, हे मात्र कुणी विचारीत नसे.

अमेरिकेत हा अबोला अधिक घट्ट होता. व्हिएतनाममध्ये सैनिकाची मुदत साधारण वर्षभराची आणि प्रत्येकाची तारीख वेगळी. ती संपली, की तो एकटाच विमानात बसून एक-दोन दिवसांत जंगलातून थेट घरी येई. त्याच्या मनाच्या जखमेला अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत नाव मिळाले ते १९८० मध्ये, युद्ध संपल्यावर पाच वर्षांनी. 'फर्स्ट ब्लड' आला ऑक्टोबर १९८२ मध्ये, आणि तीनच आठवड्यांनी वॉशिंग्टनमध्ये माया लिन या तरुणीने रेखाटलेल्या काळ्या दगडी स्मारकाचे लोकार्पण झाले. त्या भिंतीवर आज ५८ हजारांहून अधिक नावे आहेत. मेलेल्यांची नावे दगडावर कोरता येतात. जिवंत परतलेल्यांचे काय करायचे, हा प्रश्न भिंत बांधून सुटत नाही.

तो प्रश्न पहिल्या चित्रपटाने विचारला होता. पुढच्या चित्रपटांनी तो चतुराईने बदलून टाकला. १९८५ च्या दुसऱ्या भागात रॅम्बो कैद्यांच्या शोधात पुन्हा व्हिएतनामला जातो आणि हरलेले युद्ध पडद्यावर जिंकून देतो. राष्ट्राध्यक्ष रेगन यांनीही त्या वर्षी गमतीने त्याचा दाखला दिला. १९८८ मध्ये तो अफगाणिस्तानात मुजाहिदीनांबरोबर रशियनांशी लढला. पुढे २००१ पासून २०२१ पर्यंत त्याच अफगाणिस्तानात खुद्द अमेरिकेची फौज अडकून पडली, हा इतिहासाचा केवढा उपहास!

जमाखर्चाच्या भाषेत सांगायचे तर देशाचे जे देणे होते, ते येणे म्हणून दाखवले गेले. ज्याचे ऋण फेडायचे, त्याच्याकडूनच आणखी एका विजयाची वसुली! आणि या खोट्या नोंदीवर सही केली ती तिकीट काढून टाळ्या पिटणाऱ्या प्रेक्षकांनी, म्हणजे जगभरच्या आपण सर्वांनी.

खरी वसुली किती रखडते पाहा. एजंट ऑरेंजच्या बळींना मदत सोपी करणारा कायदा अमेरिकेत झाला १९९१ मध्ये. इराक आणि अफगाणिस्तानात कचरा जाळण्याच्या खड्ड्यांचा विषारी धूर छातीत भरून घेतलेल्यांसाठी कायदा झाला २०२२ मध्ये. सरकारी आकडेवारीनुसार त्याच २०२२ मध्ये अमेरिकेतल्या ६,४०७ माजी सैनिकांनी आत्महत्या केली. रोजचे सतराहून अधिक. यांच्यापैकी कुणाच्या कपाळाला पट्टी नव्हती.

युद्धाला निघालेल्या सैनिकाला ओवाळायला सगळे जमतात. तो परत येतो तेव्हा त्याच्याजवळ बसायला मात्र वेळ लागतो, धीर लागतो, आणि त्यात टाळ्या वाजवण्यासारखे काही नसते. घरातल्या मोठ्या मुलांना रॅम्बो दाखवायचाच असेल, तर पहिला दाखवावा, आणि शेवटी तो रडतो तिथे दूरदर्शन संच बंद करून थोडे बोलावे. रॅम्बोचे घरी येणे अजून व्हायचेच आहे, आणि आपल्याकडचे त्याचे येणेही अजून बाकीच आहे.