संध्याकाळचे दोन तास

सौंदाळा हे अहिल्यानगर जिल्ह्यातल्या नेवासा तालुक्यातलं लहानसं गाव. नोव्हेंबर २०२४ मध्ये तिथल्या ग्रामसभेनं ठराव केला, की आईबहिणीवरून शिवी देणाऱ्याला पाचशे रुपये दंड. ही बातमी राज्यभर गाजली. त्याच गावानं घेतलेल्या आणखी एका निर्णयाची चर्चा मात्र त्यामानानं कमी झाली. संध्याकाळी सात ते नऊ मुलांच्या हातात मोबाइल द्यायचा नाही, हा तो निर्णय.

असा निर्णय घेता येईल असं आणखी एक गाव म्हणजे खर्डा. तेही याच जिल्ह्यातलं, पण पार दुसऱ्या टोकाचं, जामखेडच्याही पुढे धाराशिवच्या हद्दीजवळ. इथं पंचेचाळिशी-पन्नाशीच्या माणसांसमोर लहानपणाचा विषय काढला, की बोलणं सुरू होतं ते थांबत नाही. तासाच्या भाड्यानं आणलेली सायकल, जी सीटवर पाय पुरत नाहीत म्हणून नळीखालून पाय घालून चालवायची. विटीदांडू, लगोरी, सूरपारंब्या. किल्ल्याच्या तटाखाली रंगलेला डाव आणि दिवेलागणीला दारातून आलेली आईची हाक. रविवारी सकाळी ज्याच्या घरी टीव्ही असेल त्याच्या ओसरीवर चपलांचा ढीग लागायचा. जानेवारी १९८७ मध्ये ‘रामायण’ सुरू झालं आणि जून १९९० मध्ये ‘महाभारत’ संपलं. त्या साडेतीन वर्षांतल्या बहुतेक रविवारी एका टीव्हीपुढे अख्खी आळी मांडी घालून बसत असे.

या आठवणींना उमाळा म्हणून हसण्यावारी नेणं सोपं आहे. पण त्यात एक नेमकी गोष्ट दडलेली आहे. त्या काळी बातमी, करमणूक आणि ज्ञान या तिन्ही गोष्टी बहुतांशी माणसाच्या तोंडून यायच्या. खर्डा तर बाजाराचं गाव. इंग्रज अमदानीतल्या गॅझेटियरमध्ये इथल्या पाचशेवर व्यापारी, दुकानदार, सावकारांची आणि मंगळवारच्या जनावरांच्या बाजाराची नोंद आहे. बालाघाटावरचं धान्य आणि कापड इथून पुण्याकडे जायचं. मालाबरोबर खबरबात यायची आणि बाजारकरी ती आपापल्या वस्तीवर पोचवायचे. सोयरीक कुठं जमली, पाऊस कुठं पडला, बैलाला काय भाव आला, हे ऐकायला पोरंही बापाच्या मागे उभी असायची. मोठ्यांचं जग त्यांना कानावर पडूनच कळत होतं.

जामखेडचंच उदाहरण घ्या. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी तिथं ग्रामीण आरोग्याचं काम सुरू केलं. गावोगावच्या बायका, त्यातल्या कित्येक निरक्षर, जामखेडला येऊन शिकायच्या आणि परत जाऊन घरोघरी सांगायच्या. बाळंतपण कसं करावं, जुलाब लागलेल्या लेकराला मीठ-साखरेचं पाणी कसं पाजावं, असं सगळं. फोन नाही, पडदा नाही. सांगणारी बाई ओळखीची होती आणि शंका आली तर दुसऱ्या दिवशी तिला आडावर गाठून पुन्हा विचारता येत होतं. या कामाची जगानं दखल घेतली, आरोळे दांपत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

मराठे आणि निजाम यांच्यातली खर्ड्याची लढाई झाली ११ मार्च १७९५ रोजी. तिला दोनशे वर्षं झाली त्याच वर्षी, ३१ जुलै १९९५ ला, देशातला पहिला मोबाइल कॉल कोलकात्यातून झाला आणि १५ ऑगस्टला इंटरनेट सर्वसामान्यांसाठी खुलं झालं. खेड्यापाड्यांत मात्र त्यानंतरही कितीतरी वर्षं राज्य होतं ते पिवळ्या पाटीच्या एसटीडी बूथचं. काचेची केबिन, भिंतीवर लाल आकड्यांचं मीटर, आणि रात्री उशिरा दर उतरला की लागणारी रांग. बोलणाऱ्याचं निम्मं लक्ष आकड्यांकडे असायचं. लग्नपत्रिकेवर शेजाऱ्याचा नंबर ‘पी.पी.’ म्हणून छापला जायचा. तो शेजारीही रात्री-अपरात्री उठून बोलवायला यायचा. स्वस्त डेटा आला २०१६ नंतर. त्यानंतरच्या चार-पाच वर्षांत फोन हातोहाती गेला, आणि कोरोनाच्या काळात शाळेनंच तो मुलांच्या हातात ठेवला.

आता दुसरी बाजू, जी आठवणींच्या मैफलीत हटकून गाळली जाते. जामखेड, पाटोदा, आष्टी, भूम हा ऊसतोड मजुरांचा पट्टा. दिवाळीच्या आगेमागे मुकादमाची उचल घेतलेली जोडपी कोयता घेऊन कारखान्याला निघतात, ती उन्हाळा लागल्यावर परततात. लेकरं आजीपाशी. तेव्हा लेकराला ताप आला तरी निरोप हस्ते-परहस्ते जायचा आणि तो पोचेपर्यंत ताप उतरलेला असायचा, किंवा नको ते होऊन गेलेलं असायचं. गावात तार आली की वाचण्याआधीच रडारड सुरू व्हायची. टपालातून कोपरा फाडलेलं कार्ड हातात पडलं, की मजकूर न वाचताच कुणीतरी गेल्याचं कळायचं, आणि तोवर तिकडे दहावाही उरकलेला असायचा. आज फडातल्या कोपीसमोर बसलेली आई व्हिडिओ कॉलवर लेकराचं तोंड बघते. जुना काळ जसाच्या तसा परत हवा म्हणणाऱ्यानं आधी या आईला विचारावं.

पोरींनाही विचारावं. सूरपारंब्या खेळणारे बहुतेक पोरगेच होते. त्यांच्या बहिणी त्या वेळी हापशावर घागरी भरत होत्या, नाहीतर कडेवर धाकटं घेऊन भाकरी थापत होत्या. ज्या काळाला मोकळं म्हणून गौरवलं जातं, तो सगळ्यांना सारखा मोकळा नव्हता.

म्हणून फोन फेकून देण्याची भाषा खोटी आहे. यवतमाळ जिल्ह्यात पुसद तालुक्यातल्या बांशी गावानं नोव्हेंबर २०२२ मध्ये अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाइलबंदीच केली. त्यामागची कळकळ खरी होती. पण ज्या वयात मुलांना अभ्यास, प्रवेशाचे अर्ज, परीक्षांचे निकाल या सगळ्यासाठी फोन लागतो, त्या वयात सरसकट बंदी पाळली जाणं कठीण. जास्त शहाणपणाची वाट दाखवली ती सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावनं. कडेगाव तालुक्यातलं हे गाव जेमतेम तीन हजार वस्तीचं. ऑगस्ट २०२२ पासून तिथं संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजू लागला. भोंगा झाला की मोबाइल बंद, टीव्हीही बंद. साडेआठला तो पुन्हा वाजेपर्यंत मुलं अभ्यासाला बसायची आणि मोठी माणसं एकमेकांशी बोलायची. निर्णय आधी बायकांच्या सभेत झाला. मग आशा आणि अंगणवाडीच्या ताई, निवृत्त शिक्षक घरोघर फिरले.

वडगावनं दोन गोष्टी अचूक ओळखल्या. पहिली म्हणजे नियम मोठ्यांनाही लागू. बाप रील बघत बसलाय आणि पोराला म्हणतोय ‘पुस्तक काढ’, हे चालत नाही, पोराला ते बरोबर कळतं. दुसरी याहून मोलाची. पूर्वी फोन कुणाकडेच नव्हता, म्हणून त्याची उणीव कुणालाच भासत नव्हती. आज एकाच घरानं फोन काढून घेतला, तर ते पोर गावात एकटं पडतं. सगळे सवंगडी पडद्यावर, मग अंगणात खेळायचं कुणाशी? एकट्या आईबापाच्या आवाक्यातलं हे काम नाही. ते गावानं मिळूनच करावं लागतं. सौंदाळ्यानं ठराव केला त्याच महिन्यात ऑस्ट्रेलियाच्या संसदेनं सोळा वर्षांखालच्या मुलांना समाजमाध्यमांपासून लांब ठेवण्याचा कायदा केला. तिथंही आईबापांची तक्रार तीच होती, की बाकीच्या सगळ्यांकडे आहे, मग माझ्याच मुलाला नाही कसं म्हणू?

खर्ड्यात हे जमण्यासारखं आहे. गाव मोठं आहे, बाजारपेठेचं आहे, संध्याकाळी दुकानं उघडी असतात, त्यामुळे दुकानदाराला फोन बंद ठेवा म्हणता येणार नाही. तिथं आळीनिहाय सुरुवात करावी. सात ते साडेआठ घरातले फोन एका ताटात. ज्या लेकरांचे आईबाप ऊसतोडीला गेलेत, त्यांचा फोन या नियमातून वगळावा. फडावरून आई जेव्हा मोकळी होईल तेव्हा त्यांना बोलू द्यावं. या दीड तासात म्हाताऱ्यांनी नातवंडांना गावची लढाई सांगावी. निजामाला ज्या किल्ल्यात कोंडलं तो किल्ला घरापासून पाच मिनिटांवर आहे आणि पोरांना तो फक्त सेल्फीपुरता माहीत आहे.

त्यासाठी नवा कायदा नको, सरकारी योजना नको आणि पैसेही फारसे लागत नाहीत. लागतो तो एक ठराव. पुढच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा, आणि त्या सभेत आधी बायकांना बोलू द्यावं.