घर बदललंय, पत्ता नोट करा!

सोमवारी सकाळी साडेनऊला मिरजेहून आत्याचा फोन. साडेनऊ म्हणजे आत्याच्या पूजेची वेळ. त्या वेळेत ती कुणाला फोन करत नाही, कुणाचा घेतही नाही. माझ्या पोटात गोळाच आला.

‘काय गं, बरी आहेस ना?’

‘मी? एकदम! का गं?’

‘नाही, दोन महिने झाले, तू काही लिहिलंच नाहीस. रोज उघडून बघते मी. तेच आपलं पावसाचं जुनं. शेवटी यांना म्हटलं, पोरीचं काहीतरी बिनसलंय.’

हसावं की रडावं कळेना. कारण या दोन महिन्यांत मी चांगल्या सात पोस्ट लिहिल्या होत्या. फक्त त्या नव्या घरात होत्या. मी ब्लॉग हलवला होता, इन्स्टावर जाहीर केलं होतं, व्हॉट्सॲपला स्टेटस ठेवलं होतं, चार मित्रांनी टाळ्यांचे इमोजीही पाठवले होते. आत्या इन्स्टावर नाही आणि स्टेटस बघणं तिला डोकावल्यासारखं वाटतं. ती बिचारी रोज जुन्या घराची बेल वाजवत होती!

तर, हलवला का?

मी फ्रीलान्सर. तुमच्याकडे ऑफर लेटर असतं, अप्रेझल असतं, आमच्याकडे लिंक्स असतात. ‘पाठव ना तुझं काही काम’ असं कुणी म्हटलं की आम्ही लिंक्स पाठवतो. मागच्या दिवाळीनंतर एका चांगल्या कामासाठी मी अशाच आठ लिंक्स मोठ्या रुबाबात पाठवल्या. समोरून उत्तर आलं, ‘एकही उघडत नाहीये.’ ज्या पोर्टलवर मी दोन वर्षं लिहिलं, ते गुपचूप बंद झालं होतं. ना मेल, ना मेसेज. माझे ४१ लेख, त्यासाठी केलेल्या मुलाखती, खाल्लेल्या शिव्या, सगळ्याच्या जागी एकच आकडा, ४०४. मग इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर रात्र-रात्र बसून शोधलं. १७ लेख मिळाले. बाकीचे २४ लिहिले होते, यावर तुम्हाला माझ्या शब्दावरच विश्वास ठेवावा लागेल. (ते काम मिळालं नाही, हे वेगळं सांगायला नकोच.)

आणि तेव्हा माझ्या डोक्यात ट्यूब पेटली की माझा ब्लॉगही अशाच कुणाच्या तरी जागेत आहे. २०१५ पासून, मास कॉमच्या पहिल्या वर्षापासून. फुकट! घरमालक भला असला तरी जागा त्याचीच. जिओसिटीज आठवतंय? आपल्या आधीच्या बॅचला विचारा. याहूने १९९९ मध्ये विकत घेतलेलं ते अख्खं गाव २६ ऑक्टोबर २००९ ला बंद केलं. त्याहून जवळचं उदाहरण मुंबईचं. जुलै २००६ मध्ये लोकलमधल्या बॉम्बस्फोटांनंतर सरकारने काही मोजक्या साइट्स बंद करायला सांगितल्या, आणि इंटरनेट कंपन्यांनी एकेक पान शोधत बसण्याऐवजी अख्खं ब्लॉगस्पॉटच काही दिवस बंद करून टाकलं. म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या एका फ्लॅटची तक्रार आणि कुलूप सोसायटीच्या गेटला. मी तेव्हा चौथीत होते, मला काय त्याचं. पण आज वाचताना अंगावर काटा येतो.

मग काय, घेतला निर्णय. स्वतःच्या नावाचं डोमेन घेतलं, होस्टिंग घेतलं, त्यावर वर्डप्रेस बसवलं. वर्डप्रेस स्वतः फुकट आहे, २००३ पासून. मॅट मुलनवेग आणि माइक लिटल या दोघांनी सुरू केलं, आणि त्याचा कोड कुणीही घ्यावा, वापरावा. पैसे लागतात ते जागेचे आणि नावाचे. बसवायला अर्धा तास लागला. जुन्या ब्लॉगचं एक बटण दाबलं, एक फाइल उतरली, ती नव्या साइटला भरवली, आणि चहा होईपर्यंत २१२ पोस्ट हजर! मी घरात एकटीच नाचले.

खरी मजा नंतर. जुन्या प्लॅटफॉर्मला मराठी मथळा कळायचाच नाही. ‘आजोबांची सायकल’ असं झोकात शीर्षक दिलं, तरी पत्त्यात नुसतं ‘ब्लॉग-पोस्ट’ आणि पुढे एक नंबर. जणू कैदी! वर्डप्रेसला देवनागरी पत्ता चालतो, पण तो कॉपी करून कुठे चिकटवला की एकेका अक्षराची टक्क्यांच्या खुणांसकट नऊ-नऊ चिन्हं होतात. काना, मात्रा, वेलांटी, सगळं वेगळं मोजतात. त्यात पत्त्यासाठी जागा दोनशे चिन्हांची. म्हणजे बावीस खुणा झाल्या की मथळा मधेच कापला. शेवटी बसून २१२ पत्ते इंग्रजी अक्षरांत हाताने लिहिले. ऑफिसमध्ये एक्सेलच्या शीट भरता ना तुम्ही? तस्संच. नवऱ्याने विचारलं, ‘एवढं कशाला? कोण वाचणारे २०१६ चं?’ बोलले नाही, पण लागलं.

टिम बर्नर्स-ली, म्हणजे ज्यांनी हे वेब जन्माला घातलं ते गृहस्थ, त्यांनी १९९८ मध्ये एक टिपण लिहिलं होतं, चांगले पत्ते बदलत नाहीत अशा अर्थाचं. ते टिपण आजही त्याच पत्त्यावर आहे! माझ्या जुन्या पोस्टच्या लिंक्स मात्र लोकांच्या मेलमध्ये, कुणाच्या प्रोजेक्टच्या शेवटच्या पानावर, आत्याच्या फोनच्या स्क्रीनवर पडून होत्या. पोस्ट हलवता येतात. लोकांनी जपून ठेवलेला पत्ता आपल्याला हलवता येत नाही. तो फार तर पुढे वळवता येतो, पोस्टमन ओळखीचा असला की कसं पत्र नव्या घरी टाकतो तसं. आणि त्यासाठी जुनं घर उभं राहायला लागतं.

हे मला तेव्हा कळलं नव्हतं. माझा प्लॅन एकदम क्लीन होता. दोन महिने नवीन साइट चालली, आता येत्या शनिवारी जुना ब्लॉग डिलीट. कॅलेंडरमध्ये रिमाइंडरसुद्धा लावला होता.

सोमवारी आत्या फोनवर म्हणाली, ‘नवीन नसलं तरी असू दे गं. अण्णांचा फोटो बघते आणि बंद करते.’

अण्णा म्हणजे माझे आजोबा, तिचे वडील. २०१६ च्या मे महिन्यात मिरजेच्या घरासमोर सायकलला टेकून उभे, बनियन, धोतर आणि हातात हवा भरायचा पंप. मी मोबाइलवर काढलेला. तो मोबाइल पुढच्याच वर्षी लोकलमध्ये चोरीला गेला. अण्णा २०१९ मध्ये गेले. त्यांचे बाकीचे फोटो आहेत, लग्नातले, टोपी घालून, कॅमेऱ्याकडे घाबरून बघणारे. असा हाच एक.

फोन ठेवला आणि नव्या साइटवर ती पोस्ट उघडली. फोटो होता. हुश्श! मग उगीच, सवयीने, त्यावर राइट क्लिक करून फोटोचा पत्ता बघितला. पत्ता जुन्या प्लॅटफॉर्मचा. दुसरी पोस्ट बघितली, तिचाही. तिसरी, चौथी... सगळ्यांचा. त्या उतरवलेल्या फाइलमध्ये मजकूर होता, फोटो नव्हते. फोटोंचे फक्त पत्ते होते. नवीन घरात भिंतीवर लटकलेले सगळे फोटो खरं तर जुन्या घराच्या खिडकीतून दिसत होते. शनिवारी मी ‘डिलीट’ दाबलं असतं तर...

जाऊ दे. नाही दाबलं.

पुढचे दोन रविवार मी ३४० फोटो एकेक करून उतरवत होते. आता ते साइटवर आहेत, लॅपटॉपवर आहेत आणि एका हार्ड डिस्कवर, जी मी मुद्दाम आईकडे ठेवलीय. जुना ब्लॉग तसाच उभा आहे, वर मोठ्ठी पाटी लावून, खाली प्रत्येक पोस्टमधून नव्या घराकडे वाट.

बाकी ‘स्वतःचं घर’ या शब्दावरही माझा आता फार भरवसा नाही. डोमेन विकत मिळतच नाही, ते भाड्यानेच मिळतं, एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षं. होस्टिंगवाले पहिल्या वर्षी स्वस्तात आत घेतात आणि रिन्यूअलला खरा आकडा सांगतात, अगदी अकरा महिन्यांच्या ॲग्रीमेंटसारखं. आणि भाडं भरायला विसरणारे आपणच नसतो बरं का! १९९९ च्या ख्रिसमसच्या आदल्या दिवशी हॉटमेलचं लॉगिन अडखळलं होतं, कारण मायक्रोसॉफ्ट एका डोमेनचे पैसे भरायला विसरली होती. मायकेल चेनी नावाच्या एका प्रोग्रामरने स्वतःच्या खिशातून पस्तीस डॉलर भरले. मला काय, मी ऑटो-पे लावलंय. आणि ते कार्ड कधी संपतंय, तेही फ्रिजवर लिहून चिकटवलंय.

आत्याला मात्र नवा पत्ता समजावताना अर्धा तास व्हिडिओ कॉल लागला. ‘तीन ठिपके दिसतात का? नाही, ते नाही, वरचे.’ शेवटी स्क्रीनवर नवं चिन्ह आलं. जुनं काढू का, म्हणून विचारलं, तर म्हणाली, ‘राहू दे की. जागा थोडीच खातंय.’

परवा रात्री तिचा मेसेज आला. ‘गणपतीच्या लेखात मोदकांच्या जागी नुसता रिकामा चौकोन आहे. आणि अण्णांचा फोटो आधीपेक्षा बारीक झालाय, मोठा कर.’

चौकोन भरला. फोटोचं काम आज रात्री.