टंचाई आणि अडगळ : पुलगावचे दुहेरी दुखणे

वर्धा : पुलगाव येथील केंद्रीय दारूगोळा भांडारात ३१ मे २०१६ रोजी मध्यरात्रीनंतर लागलेल्या आगीत दोन लष्करी अधिकाऱ्यांसह किमान १६ जण मृत्युमुखी पडले. मृतांमध्ये अग्निशमन कर्मचाऱ्यांची संख्या सर्वाधिक होती. आगरगाव, नागझरी परिसरातील ग्रामस्थांना रातोरात घरे सोडावी लागली. आशियातील मोठ्या भांडारांत गणल्या जाणाऱ्या पुलगावचे नाव त्या रात्री देशभर पोहोचले.

या दुर्घटनेच्या वर्षभर आधी, २०१५ मध्ये, 'कॅग'ने लष्कराकडील दारूगोळ्याच्या टंचाईवर कडक ताशेरे ओढले होते. ४० दिवसांच्या तीव्र युद्धाला पुरेल इतका साठा असावा, हा निकष. प्रत्यक्षात मार्च २०१३ मध्ये निम्म्या प्रकारांचा साठा १० दिवसांनाही पुरणारा नव्हता. सप्टेंबर २०१६ मध्ये १५२ पैकी ४० टक्के प्रकारांची स्थिती तशीच असल्याचे पुढील अहवालात नमूद झाले. त्याच अहवालात भांडारांतील अग्निशमन मनुष्यबळाच्या तुटवड्यावरही बोट ठेवण्यात आले.

म्हणजे हवा तो दारूगोळा नाही आणि नको तो जागा अडवून बसलेला. पुलगावच्या आगीनंतर सदोष रणगाडाविरोधी सुरुंगांतून पाझरणाऱ्या टीएनटीची चर्चा झाली, ती याच संदर्भात. टीएनटीत अशुद्ध घटक राहिले, तर उष्णतेने ते तेलकट द्रवाच्या रूपात बाहेर येतात. वर्ध्याच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असतो. अशा सुरुंगांची वेळीच तपासणी, दुरुस्ती वा विल्हेवाट न झाल्यास साठा हाच धोका ठरतो.

अणुयुद्धानंतरच्या उद्ध्वस्त जगावर बेतलेला 'ट्वायलाइट : २०००' हा अमेरिकी खेळ १९८४ मध्ये निघाला. त्यात सैनिकांना इंधन म्हणून मद्यार्क गाळावा लागतो आणि वाहनांच्या देखभालीसाठी रोजचे तास राखून ठेवावे लागतात. टाळाटाळ केली की गाडी बंद पडते. कल्पनेतील ही टंचाई युद्धानंतरची आहे. सोव्हिएत संघ १९९१ मध्ये कोसळल्यावर भारतीय रणगाड्यांच्या सुट्या भागांची अडचण मात्र भर शांततेत उभी राहिली. दारूगोळ्याचे त्याहून अवघड. देखभाल चुकलेला रणगाडा जागीच उभा राहतो. देखभाल चुकलेला सुरुंग माणसे घेऊन जातो.

उरी हल्ल्यानंतर तातडीच्या खरेदीसाठी लष्कराला जादा आर्थिक अधिकार मिळाले. टंचाईवरचा तो इलाज होता आणि आवश्यकही होता. जुन्या साठ्याच्या निर्गतीबाबत तशी निकड दिसली नाही. खरेदीची बातमी होते, विल्हेवाटीची होत नाही. ती होते ती अपघातानंतरच.

तशी ती २० नोव्हेंबर २०१८ रोजी झाली. जबलपूरच्या खमरिया आयुध निर्माणीतून आलेला कालबाह्य दारूगोळा पुलगावजवळ सोनेगाव (आबाजी) येथील मैदानात नष्ट करण्याची तयारी सुरू असताना स्फोट झाला आणि सहा जण दगावले. खड्डे खणण्याच्या आणि पेट्या उतरविण्याच्या कामावर आसपासच्या गावांतील कंत्राटी मजूर होते. सुरुंग आणि तोफगोळे हाताळण्याचे शास्त्र ज्यांना शिकविले जाते, त्या यादीत हे मजूर कोठेच नव्हते.