अल्मोड्याची रामलीला आणि रिते होणारे डोंगर

विजयादशमीच्या पर्वकाळी आमचे लक्ष कुमाऊँच्या डोंगरधारेवरील अल्मोडा या लहानशा नगराकडे वळते. तेथील रामलीला रागदारीत गाइली जाते, पात्रे नगरवासीयच. दसऱ्यास मोहल्ल्यामोहल्ल्यांतून रावणकुलातील एकेक पुतळा स्वहस्ते घडवून मिरवणुकीत आणला जातो. २००८ साली युनेस्कोने रामलीलेस मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या सूचीत स्थान दिले, ही भूषणावह गोष्ट खरी. परंतु २००१ ते २०११ या दशकात अल्मोडा जिल्ह्याची लोकसंख्या घटली. अनेक तरुण उपजीविकेसाठी डोंगर उतरून गेले. मग उद्या चौपाई कोणी गावी, पुतळा कोणी बांधावा? गौरवपत्राने कंठ मिळत नाही. म्हणून डोंगरात रोजगार उभा करणे हीही रामसेवाच होय, असे आम्ही मानतो.