सोडत ही गुणवत्तेची वैरी नव्हे : अमेरिकेतील ‘मॅग्नेट’ शाळांचा सोयीस्करपणे विसरलेला इतिहास

१/ वॉशिंग्टनलगतच्या माँटगोमेरी काउंटीत पाचवीतल्या मुलांचे पालक एका निकालाची वाट पाहतात. सहावी ते आठवीच्या ‘मॅग्नेट’ वर्गांत मुलाचे नाव लागले की नाही, हे त्यातून कळते. करोनाकाळात येथे परीक्षेऐवजी पात्र मुलांमधून सोडत काढण्याची पद्धत आली. नाव न लागलेल्या घरांतून, त्यांत भारतीय घरेही आली, एकच आक्रोश उठतो : गुणवत्तेचा बळी गेला!

२/ या आक्रोशामागे एक गृहीतक आहे : मॅग्नेट शाळा म्हणजे हुशार मुलांसाठी राखून ठेवलेले पारितोषिक. इतिहासाच्या कसोटीवर हे गृहीतक क्षणभरही टिकत नाही.

३/ १९५४ साली ‘ब्राऊन’ खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वर्णाधारित वेगळ्या शाळा एकमताने घटनाबाह्य ठरवल्या. दक्षिणेतील राज्यांनी वर्षानुवर्षे टाळाटाळ केली. उत्तरेत तसा कायदा नसतानाही वस्त्याच वेगळ्या होत्या. त्यामुळे शाळाही वेगळ्याच राहिल्या.

४/ १९६८ साली वॉशिंग्टन राज्यातील टाकोमा शहराने एक वेगळी वाट शोधली. कृष्णवर्णीय वस्तीतील मॅककार्व्हर प्राथमिक शाळेत असे काही शिकवायचे, की गोरे पालक आपली मुले तेथे स्वखुशीने पाठवतील. पुढल्याच वर्षी बोस्टनमध्ये ट्रॉटर शाळा याच हेतूने उघडली. पुढे अशा शाळांना ‘मॅग्नेट’, म्हणजे चुंबक, हे नाव रूढ झाले. चुंबक ओढणार होते ते विभक्त समाजाला एका छपराखाली.

५/ १९७४ साली ‘मिलिकेन’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी ठरवले, की डेट्रॉइट शहरातील विभक्तता दूर करण्यासाठी भोवतालच्या उपनगरांना त्या योजनेत ओढता येणार नाही. न्यायमूर्ती थर्गुड मार्शल यांनी तीव्र असहमती नोंदवली. शहर सोडून उपनगरात घर घेतलेल्या गोऱ्या कुटुंबांना या निकालाने अभय मिळाले.

६/ सक्तीची वाट अरुंद झाली, तशी ऐच्छिक मॅग्नेट शाळांवरची भिस्त वाढली. १९७६ पासून त्यांना संघीय निधी मिळू लागला. १९८४ साली त्यासाठी स्वतंत्र योजना आली. १९८५ साली माँटगोमेरी काउंटीने सिल्व्हर स्प्रिंगमधील ब्लेअर हायस्कूलमध्ये गणित-विज्ञानाचा मॅग्नेट सुरू केला. टाकोमा पार्क आणि ईस्टर्न या दोन प्रसिद्ध मॅग्नेट मिडल स्कूलही त्याच परिसरात आहेत. काउंटीच्या सर्वांत श्रीमंत उपनगरांत हे वर्ग का उघडले नाहीत, याचे उत्तर वरच्या इतिहासात आहे.

७/ मग न्यायालयांनी या हेतूलाच कात्री लावली. व्हर्जिनियातील आर्लिंग्टनने एका शाळेसाठी भारांकित सोडत योजली होती : गरिबी, मातृभाषा आणि वर्ण पाहून काही मुलांची संधी थोडी वाढवायची. १९९९ साली संघीय अपील न्यायालयाने ती रद्द केली. त्याच वर्षी, मॅग्नेट शाळेत बदली देताना वर्णाचा विचार केल्याबद्दल माँटगोमेरी काउंटीही हरली. २००७ साली सिएटल आणि लुइव्हिलच्या प्रवेशयोजनाही सर्वोच्च न्यायालयाने मोडीत काढल्या.

८/ परिणाम उघड होता. चुंबक राहिले, पण कोणाला एकत्र आणायचे हे सांगण्याची मुभा उरली नाही. एकात्मतेचे साधन म्हणून जन्मलेली जागा प्रतिष्ठेचे दुर्मिळ चिन्ह बनली. शिकवण्या आणि सराव-परीक्षा यांची बाजारपेठ या दुर्मिळतेवरच पोसली.

९/ माँटगोमेरी काउंटीने मुलांचे गुण सरसकट न ताडता सारख्या परिस्थितीतील शाळांतल्या मुलांशी ताडून पाहण्यास सुरुवात केली, तेव्हा आशियाई-अमेरिकन पालकांच्या एका संघटनेने २०२० साली संघीय न्यायालय गाठले. २०२२ साली तो दावा फेटाळला गेला. शिकवणी परवडणाऱ्या घरातील गुण आणि न परवडणाऱ्या घरातील तेवढेच गुण एकाच मापाने मोजणे म्हणजे गुणवत्ता, असे म्हणणाऱ्यांनी ‘गुणवत्ता’ या शब्दाची व्याख्या एकदा तपासून पाहावी.

१०/ भारतीय पालकांनी आणखी एक दुवा ध्यानात ठेवला पाहिजे. १९६५ च्या ज्या स्थलांतर कायद्याने भारतीय अभियंते-डॉक्टरांना अमेरिकेची दारे उघडली, तो नागरी हक्क चळवळीने घडवलेल्या वातावरणात संमत झाला. ज्या लढ्याने हे दार उघडले, त्याच लढ्यातून मॅग्नेट शाळा जन्मल्या. आत आल्यावर त्याच दाराला गुणांची कडी लावणे ही कृतघ्नता आहे.

११/ याचा अर्थ सोडत निर्दोष आहे, असा नाही. अकराव्या वर्षी बीजगणितासाठी आसुसलेल्या मुलाला कंटाळवाण्या वर्गात बसवणे हाही अन्यायच. सोडत त्याला न्याय देत नाही, आणि परीक्षाही देत नाही. दोन्ही पद्धती मोजक्या जागा वाटतात. नवी जागा एकही निर्माण करत नाहीत. फरक इतकाच, की परीक्षा टंचाईला पात्रतेचा मुखवटा चढवते आणि सोडत तो उतरवते.

१२/ म्हणूनच सोडत खुपते. पात्र मुले अनेक आहेत आणि जागा थोड्या, हे सत्य ती उघडे पाडते. पालकांनी यावर विचारायचा प्रश्न ‘माझ्याऐवजी त्याचे नाव का लागले?’ हा नसून ‘पात्र ठरलेल्या प्रत्येक मुलाला हे का शिकवले जात नाही?’ हा आहे. हे अशक्य नाही, याचा पुरावा माँटगोमेरीतच आहे : मॅग्नेटच्या धर्तीवरील गणिताचे व मानव्यविद्येचे वर्ग तेथे स्थानिक शाळांतही सुरू झाले आहेत.

१३/ ज्या दिवशी जवळच्या शाळेत तोच अभ्यासक्रम आणि तितकेच तयारीचे शिक्षक मिळतील, त्या दिवशी सोडतीची गरज उरणार नाही. तोवर सोडतीला शिव्या देणे म्हणजे ताप दाखवला म्हणून थर्मामीटर फोडणे होय.

(समाप्त)