'स्किप' दाबून कुठे पोचलात?

खरं सांगा, 'विचर ३' किंवा 'स्कायरिम' खेळताना समोरचं पात्र बोलायला लागलं की तुमचा अंगठा कुठे जातो? स्किपवर ना? माझाही जायचा. धुळ्यात ज्या कॅफेत आम्ही पोरं खेळायचो, तिथे तासावर पैसे. मग बडबड ऐकणार कोण! मिशन उरकायचं, नकाशावरचे ठिपके संपवायचे आणि 'किती टक्के झालं रे?' विचारायचं.

असंच वेलेनमधल्या टेकडीवर झाडाखाली अडकलेल्या एका आत्म्याला मी काही न ऐकताच सोडून दिलं. दलदलीतली अनाथ पोरं वाचली. म्हटलं, भारी! पण पुढे एक अख्खं गाव मेलं, बॅरनची बायको अ‍ॅना गेली आणि बॅरनने गळफास घेतला. आत्म्याला मारलं असतं तर अ‍ॅना जगली असती, वेडी होऊन का होईना. पण मग पोरं गेली असती. दोन-तीन दिवस जेवताना तेच डोक्यात. २०१५ चा गेम आहे हा!

नकाशा केवढा मोठा, गवत किती खरं दिसतं, याने माणूस गुंतत नाही. माझ्या मते गेममधलं जग आपल्याला अडवतं, तेव्हा ते खरं वाटतं. २०१८ च्या 'किंगडम कम: डिलिव्हरन्स'मध्ये १४०३ सालचा बोहेमिया आहे, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकाचा एक भाग. नायक हेन्री लोहाराचा पोरगा, निरक्षर. पुस्तक उघडलं की अक्षरांची नुसती खिचडी. लेखनिकाकडे जाऊन शिकायचं, मग पान हळूहळू लागायला लागतं. ज्यांच्या नावाने जळगावचं विद्यापीठ आहे, त्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं, हे आपण शाळेत एका मार्कासाठी पाठ केलं. न येणं म्हणजे काय, ते मला हेन्रीमुळे कळलं.

आमची आजी गोष्ट सांगायची तेव्हा हुंकार द्यावा लागायचा. नाही दिला की थांबायची, 'जपी गया का रे?' गेममधले संवादाचे पर्याय म्हणजे तोच हुंकार. पुण्याच्या 'नोडिंग हेड्स'चा 'राजी' (२०२०) ओपन-वर्ल्ड नाही, पण त्यातही गोष्ट सांगायला दुर्गा आणि विष्णू आहेत. सांगणारे एवढे मोठे आणि आपण स्किप दाबणार?

आता सगळेच संवाद काही ग्रेट नसतात. 'दहा लांडगे मारून आण' असल्या कामाला खुशाल स्किप करा. पण एकदा मिनीमॅप बंद करून बघा. घोडा पळवू नका, चालत न्या. वाटेत कोण काय बोलतंय ते ऐका.

मी जुना सेव्ह पुन्हा उघडलाय. या वेळी आत्म्याचं सगळं बोलणं ऐकलं. दोन संध्याकाळी झाल्या, गेराल्ट अजून तिथेच उभा आहे. माझं ठरत नाहीये.