पेटी गावात, किल्ली कोठे?

केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२३ मध्ये भारतनेट योजनेच्या सुधारित आराखड्यास १ लक्ष ३९ हजार कोटी रुपयांहून अधिक खर्चाची मंजुरी दिली. आधीच्या आराखड्यात तालुक्याच्या ठिकाणाहून ग्रामपंचायतीकडे प्रकाशतंतूंची एकच वाट जात असे; ती मध्येच कोठे तुटली की पुढचे गाव जगापासून तुटले. आता वर्तुळाकार वाटा व्हावयाच्या आहेत आणि तालुक्याप्रमाणेच ग्रामपंचायतीतही राउटर बसावयाचे आहेत. भंडारा जिल्ह्याचे तालुके ७ आणि ग्रामपंचायती पाचशेंहून अधिक. तुमसरपासून लाखांदूरपर्यंत धानखरेदीची नोंदणी, सातबारा, पीकविमा ही सारी कामे आज या तारेवर अवलंबून आहेत. तार जमिनीत किती खोल पुरली याची चौकशी पुष्कळ होते. गावात येणाऱ्या पेटीत काय आहे, याची मात्र कोणी फारशी करीत नाही. आम्हांस आज तीच करावयाची आहे.

राउटर दोन कामे करतो. आलेला संदेश कोणत्या वाटेने धाडावा हे ठरविणे हे एक, आणि ठरल्याप्रमाणे तो धाडणे हे दुसरे. आजवर ही दोन्ही कामे एकाच बंद पेटीत होत आली. पेटी ज्या कंपनीची, तिच्यातील बुद्धीही त्याच कंपनीची; दुरुस्ती तिचीच आणि दरही तिचाच. सिस्कोसारख्या कंपन्यांचे वैभव या एका मोहोरबंद गाठोड्यावर उभे राहिले. २००८ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील निक मॅकिओन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओपनफ्लो नावाचा संकेत मांडून ही गाठ सोडविण्याचा मार्ग दाखविला. निर्णय मध्यवर्ती नियंत्रकाने, म्हणजे साध्या संगणकावर चालणाऱ्या सॉफ्टवेअरने घ्यावा. पेट्यांनी केवळ आज्ञा पाळावी. मग पेटी कोणाचीही घ्या, स्वस्तातली घ्या. ही केवळ कल्पना नव्हती. गूगलने आपली संगणककेंद्रे जोडणारे जाळे याच रीतीने चालविल्याचे २०१२ मध्ये जाहीर केले. इतरत्र ज्या तारा तीस-चाळीस टक्केच वापरात येत, त्या तेथे जवळजवळ पूर्ण भरून वाहू लागल्या.

जुन्या कंपन्यांचा बाजार आता उठला, असे भाकीत तेव्हा पुष्कळांनी केले. ते निम्मेच खरे ठरले. ज्यांच्या पदरी हजारो अभियंते आहेत त्या बड्या कंपन्यांनी पेट्या स्वतः घडवून घेतल्या. सामान्य गिऱ्हाईक होते तेथेच राहिले. सिस्कोनेही २०१३ मध्ये इन्सिमी ही कंपनी आपल्यात सामावून घेऊन स्वतःचा नियंत्रक बाजारात आणला, पण तो चालावयाचा तिच्याच पेट्यांबरोबर! त्याहून बोधप्रद कथा निसिरा या कंपनीची. मॅकिओन आणि त्यांच्या दोघा सहकाऱ्यांनी काढलेली ही कंपनी २०१२ मध्ये व्हीएमवेअरने सुमारे सव्वाशे कोटी डॉलरला घेतली. नोव्हेंबर २०२३ मध्ये खुद्द व्हीएमवेअरच ब्रॉडकॉमच्या हाती गेली आणि पुढच्याच महिन्यात तिच्या सॉफ्टवेअरचे कायमस्वरूपी परवाने बंद होऊन वार्षिक भाड्याची पद्धत आली. स्वस्त पेट्यांतील चिपा पुरविणारी एक प्रमुख कंपनी हीच ब्रॉडकॉम. म्हणजे पेटीचे काळीज जिच्याकडे, एक मोठा नियंत्रकही तिच्याकडेच. पेटीची मक्तेदारी मोडली खरी, पण ती नाहीशी न होता एक जिना वर चढली.

निर्णयाचा अधिकार गावातून उठून दूर गेला म्हणजे काय होते, हे तलावांचा जिल्हा म्हणविणाऱ्या भंडाऱ्यास नवे नाही. कोहळी समाजाने बांधलेल्या तलावांचे पाणी कोणाच्या बांधीत केव्हा सोडावयाचे हे गावातच ठरत असे. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, ती जावयासच हवी होती. परंतु तिच्यासवे तलाव सरकारजमा झाले आणि कित्येक तलाव गाळाने भरत राहिले. पाळ गावात आणि तिची जबाबदारी कचेरीत, अशी ती व्यवस्था होती. मध्यवर्ती नियंत्रण वाईट, असे आम्हांस मुळीच म्हणावयाचे नाही. पाचशे गावांतील पेट्या सांभाळण्यास पाचशे तज्ज्ञ कोठून आणावयाचे? एका ठिकाणाहून त्यांची देखरेख होणे हेच शहाणपणाचे आहे. मात्र तो नियंत्रक कोणाचा आणि त्याची भाषा कोणास कळते, हे सौदा होण्यापूर्वीच ठरले पाहिजे.

तेव्हा या योजनेच्या निविदांत सरकारने काही अटी स्पष्ट शब्दांत घालाव्यात. नियंत्रक आणि पेटी यांच्यातील संकेत खुला असावा, म्हणजे उद्या एका कंपनीची पेटी काढून दुसरीची बसविता येईल. नियंत्रक बदलावयाचा झाल्यास जाळ्याची सारी माहिती सरकारच्या हाती देणे ठेकेदारावर बंधनकारक असावे. आणि नियंत्रकाशी संबंध तुटला तरी शेवटच्या आज्ञेप्रमाणे पेटीने काम चालू ठेवावे. एरवी पवनीच्या एखाद्या गावात पेटीचा दिवा लागलेला असेल, तार शाबूत असेल, आणि तरीही धान विकावयास आलेल्या शेतकऱ्याची नोंदणी होणार नाही.